दीनाबाईंच्या बाह्या

दीनाबाई हात धुताना सगळ्या जगाकडे पाठ करायच्या.

इस्रायलमधल्या किर्यात गात या गावच्या दवाखान्यात, म्हणजे इथल्या भाषेत मिर्पाआत, त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात एक बेसिन होतं. पेशंट कितीही विव्हळत असो, दीनाबाई आधी तिकडे जायच्या, भिंतीकडे तोंड करायच्या, बाह्यांची बटणं काढायच्या, हात धुवायच्या, पुसायच्या, बटणं पुन्हा लावायच्या आणि मगच वळून म्हणायच्या, "हां. आता रड."

बाह्या मनगटापर्यंत. कडक इस्त्रीच्या. उन्हाळ्यात डॉक्टरसुद्धा सदऱ्याची गळ्याजवळची बटणं सोडून पंख्याखाली बसायचा, तेव्हाही. आम्हां मुलींमध्ये या बाह्यांवर बरंच संशोधन झालं होतं. एक म्हणायची, हातावर कुणा प्रियकराचं नाव गोंदवलंय. दुसरी म्हणायची, भाजलंय. माझं मत असं की हा नुसता शिष्टपणा आहे, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात सिस्टर होत्या ना! मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. तेवढं पुढे आयुष्यात कधी कळलं नाही.

दीनाबाई आमच्यातल्याच, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. मूळच्या रेवदंड्याकडच्या, वाढल्या मुंबईत, आणि माझ्या आईबापांसारख्याच बोटीतून उतरून या वाळूत येऊन पडलेल्या. फरक इतकाच की आम्ही आठजण दोन खोल्यांत राहायचो आणि त्या एकट्या. वय पंचेचाळिशीच्या आसपास. उंच, काटक, गालात कायम एक लवंग. डॉक्टर रुमानियाचा, त्याच्याशी इंग्रजी. बाकी जगाशी हिब्रू. आमच्याशी मराठी. आणि रागावल्या की तिन्ही एकदम. हिब्रूतला त्यांचा आवडता शब्द 'सव्लानुत', म्हणजे धीर. "सव्लानुत, बाई, सव्लानुत," असं त्या इतक्या घाईघाईने म्हणायच्या की ऐकणाऱ्याचा असलेला धीर सुटायचा.

मला त्यांच्याकडे माझ्या हातांनी नेलं.

मी सुताच्या फॅक्टरीत कामाला होते. दिवसभर कापसाची धूळ, संध्याकाळी घरी भांडी आणि कपडे, आणि इथला तो विटेसारखा साबण. बासष्टच्या हिवाळ्यात बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली, मग चिरा पडल्या, मग पाणी येऊ लागलं. आई म्हणाली, "उष्णता आहे गो." आमच्या आईच्या जगात त्वचेचे सगळे रोग उष्णतेचे असायचे, कारण उष्णता म्हटलं की शेजारणी पुढे काही विचारत नाहीत. मी हातमोजे घालायला लागले. फॅक्टरीत पाण्याच्या माठाशी एक सामायिक पेला होता. माझ्यानंतर मुली तो धुऊन घ्यायला लागल्या. मग माझ्यानंतर कुणी प्यायचीच नाही. मी घरूनच पाणी पिऊन जायला लागले आणि दिवसभर तहानेली राहायचे. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय?

दीनाबाईंनी माझे मोजे काढून सरळ कचऱ्यात टाकले. "रबराचे मोजे! आत घामाचं लोणचं घातलंयस. हे इसब आहे. कुणाला लागत नाही. पेल्यातून नाही, हातातून नाही. ऐकतेस?"

मी ऐकत होते. पेल्याचं त्यांना कुणी सांगितलं, ते मला आजवर ठाऊक नाही.

डॉक्टरने मलम लिहून दिलं. तेव्हा ते नवीनच निघालं होतं. इवलीशी ट्यूब, पांढरं, वास नाही. दीनाबाईंनी ती उघडून तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका माझ्या बोटावर ठेवला. "हे औषध आहे, लोणी नाही. जिथे दुखणं तिथे मलम. शेजारी नाही. लावल्यावर पांढरं दिसलं तर जास्त झालं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मधल्या वेळात व्हॅसलीन चोपड हवं तेवढं. भांडी बहिणीला घासू दे. डॉक्टरने सांगितलं की थांबायचं, खाज सुटली तरी आधी मला येऊन विचारायचं. आणि औषधाचं घर एकच."

ते शेवटचं वाक्य मला कळलं नव्हतं. कळलं ते असं.

आठवडाभरात माझ्या चिरा मिटल्या. आईला चमत्कार वाटला. आता आमच्यात चमत्कार झाला की मलिदा करतात. भिजवलेले गोड पोहे, नारळ, फळं, सगळं ताटात मांडून एलियाहू पैगंबराचं नाव घ्यायचं आणि घरोघर वाटायचं. वाटताना कुणाला वगळायचं नाही. आईने मलिदा केला. आणि मलिद्याच्या प्रत्येक वाटीबरोबर एका कागदाच्या कपट्यावर माझ्या मलमाचं एकेक बोट पाठवलं. अगदी मनापासून. देवाने दिलं ते एकट्याने कसं ठेवायचं? समोरच्या मोरोक्कोच्या बाईने ते तान्ह्याच्या ढुंगणाला लावलं. खालच्या आजोबांनी दाढी करून गालाला. एकाने भाजल्यावर, एकीने तर म्हणे पोळीला लावलं, पण ते मला खरं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी दीनाबाई दारात. हातात बाजाराची टोपली.

"कुणाकुणाकडे गेलंय?"

आई कौतुकाने नावं सांगायला लागली. दीनाबाईंनी सगळी ऐकून घेतली आणि मग भर दुपारी, त्या कडक बाह्यांत, जिना चढत उतरत घरोघर जाऊन एकेक कपटा परत गोळा केला. तान्ह्याला तपासलं. आजोबांना तीन भाषांत झापलं. टोपली आईपुढे ठेवून म्हणाल्या, "मलिदा परत मागितला नाही हां मी. तो फार छान होता." आई त्यानंतर महिनाभर मिर्पाआच्या रस्त्याने गेली नाही, मागच्या मैदानातून वळसा घालून बाजारात जायची.

आता मी मुख्य मूर्खपणाकडे येते.

माझं लग्न ठरत होतं. मुलगा अश्केलोनचा, आयझॅक. बसच्या गॅरेजमध्ये काम, हसरा, आणि गोरा. त्याची आई राहेलबाई त्याहून गोरी आणि ते विसरू न देणारी. मी काळी. आमच्यात जुनी वाटणी होती, गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल. काळे म्हणजे ज्यांच्या घरात मागे कधीतरी बाहेरची बाई आली असं लोक म्हणायचे. खरं तर अंगाच्या रंगाशी त्याचा संबंध नव्हता, पण मुलगी काळी दिसली की बायकांना तिच्या आजीची चौकशी करावीशी वाटायचीच. राहेलबाईंनी पहिल्याच भेटीत चहा पिता पिता माझ्या आईला विचारलं होतं, "तुमच्या सासूबाई कुठल्या म्हणालात?" आईने गावाचं नाव सांगितलं. राहेलबाई म्हणाल्या, "हं." त्या 'हं'ने मी रात्रभर पोळले. वर इथे फॅक्टरीत रोज कुणीतरी 'काळी' म्हणून हाक मारायचंच. म्हणजे ज्यू होऊन ज्यूंच्या देशात आलो तरी आमची कातडी आमच्यापुढे दोन पावलं चालत होती.

आणि एक दिवस मला दिसलं की बोटांवर जिथे जिथे मलम लावत होते तिथला रंग जरा उजळलाय.

बघा, शास्त्रज्ञ असेच जन्माला येतात.

डॉक्टरने दुसरी ट्यूब दिली होती. हात बरे झाले तेव्हा ती जवळजवळ भरलेली होती. मी ती चेहऱ्याला लावायला लागले. तांदळाएवढं नाही, लोण्यासारखं. पंधरा दिवस मी चंद्र होते. गाल मऊ, चकचकीत, गुलाबी. फॅक्टरीतल्या मुली म्हणाल्या, प्रेमात पडलीस वाटतं. मी आरशासमोर मान वळवून वळवून स्वतःला बघायचे आणि मनातल्या मनात राहेलबाईंना चहा द्यायचे.

मग तोंडाभोवती पुटकुळ्या आल्या. गालांवर बारीक लाल शिरा उमटल्या. एक दिवस लावलं नाही तर तोंड मिरची चोळल्यासारखं भगभगायचं, म्हणून परत लावायचं. ट्यूब संपली. मी तिला मधोमध कापून आतलं निपटून घेतलं आणि तेही संपलं, तेव्हा दीनाबाईंकडे गेले.

"सिस्टर, हात परत बिघडलेत. ट्यूब पाहिजे."

"दाखव."

दाखवले.

"हे बरे झालेत."

"आतून खाज येते."

"आतून." त्यांनी लवंग या गालातून त्या गालात नेली. "आणि तोंड? तेही आतूनच?"

"ऊन लागलं."

"ऊन तुझ्या तोंडावरच पडतं? मानेला छत्री आहे?"

मी रडायला लागले. या वेळी त्या बेसिनकडे गेल्या नाहीत. दाराला कडी घातली, माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या आणि बाह्यांची बटणं काढायला लागल्या. माझ्याकडे तोंड करून. उजवी बाही कोपरापर्यंत वर केली. मग डावी.

मनगटापासून वर दोन्ही हातांवर पांढरे चट्टे होते. दुधासारखे पांढरे, मोठे, वेड्यावाकड्या कडांचे, आणि मधून मधून त्यांचा मूळचा रंग, माझ्यासारखाच, काळा.

"घाबरू नकोस. चिकटत नाही."

मी मागे सरले. तेवढं सांगून टाकते. जिच्या पेल्याला कुणी तोंड लावत नव्हतं, ती मी खुर्चीसकट मागे सरले. त्यांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. एवढ्या वर्षांत त्यांना त्याची सवय झालेली असणार.

"कोड?" मी विचारलं.

"लोक तेच म्हणतात. मी म्हणू देते." त्या हातांकडे असं बघत होत्या जसं एखाद्या पेशंटच्या हातांकडे बघावं. "मी तुझ्याएवढी होते. मला बघायला माणसं यायची होती. मुंबईत एका दुकानात बाटली मिळायची, नाव नाही, लेबल नाही, गोरं होण्याचं औषध. म्हटलं, आधी हातांना लावून बघू, मग तोंडाला. तेवढीच अक्कल होती, म्हणून तोंड वाचलं. रंग गेला खरा. पण ठिपक्याठिपक्यांनी गेला आणि परत आला नाही."

"मग तो मुलगा?"

"त्याचं नावसुद्धा आठवत नाही आता. त्याच्या आईचं आठवतं." हसल्या. "कोड आहे म्हणून परत गेली माणसं."

"तुम्ही सांगायचं ना, कोड नाही म्हणून! औषधाने झालं म्हणून!"

"कोड म्हटलं तर नशीब. औषध म्हटलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं की दीनाला आपल्या काळ्या रंगाची लाज वाटते. ती लाज मला या डागांपेक्षा मोठी वाटली, एस्तर. म्हणून बाह्या."

बाहेर कुणीतरी दार वाजवलं. "सव्लानुत!" त्या ओरडल्या, आणि बटणं लावायला लागल्या.

मलम मिळालं नाही. डॉक्टरने चेहरा बघून कपाळावर हात मारला. दीनाबाई म्हणाल्या, "आता तोंड चिडेल. आहे त्याहून वाईट दिसेल. तू माझ्या दारात येऊन रडशील आणि मी देणार नाही. उकळून गार केलेल्या पाण्याच्या पट्ट्या ठेव. साबण नाही, पावडर नाही. तुझ्या मलमाची चूक नाही हां, ते चांगलं आहे. हातांना लागलं तर पुन्हा देईन. तोंडासाठी नव्हतंच ते." सगळं तसंच झालं. मी रडत गेले, त्यांनी दिलं नाही. उलट दर संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर घरी येऊन पट्ट्या स्वतः ठेवायच्या आणि तोवर आईशी रेवदंड्याच्या वालांबद्दल बोलायच्या. आई एव्हाना मैदानातून वळसा घालायची थांबली होती.

मेंदीचा दिवस आला तेव्हा पुटकुळ्या गेल्या होत्या, पण गाल अजून डागाळलेले, लालसर. आणि हातांना मेंदी लावायची नाही, असा दीनाबाईंचा हुकूम. कातडी नुकती जुळलीय, पुन्हा फाटेल म्हणाल्या.

"मेंदीवाचून लग्न?" आई हादरली. "लोक काय म्हणतील?"

"एक बोट. उजव्या हाताचं, चांगलं आहे ते. तेवढंच."

आमच्यात नवऱ्यामुलाच्या एका बोटाला मेंदी लावतात. आई म्हणाली, "अहो दीनाबाई, मुलगी नवरी आहे की नवरा?"

"ते लग्नानंतर कळेल," दीनाबाई म्हणाल्या.

मेंदीला या, असा मी त्यांच्या मागे लकडा लावला होता. त्या कुणाच्याच मेंदीला जायच्या नाहीत. भेट पाठवायच्या आणि ड्यूटी लावून घ्यायच्या. "बघते," म्हणाल्या. म्हणजे नाही.

समोरच्या मोरोक्कोच्या बाईने मेंदी भिजवून दिली होती. बायका गाणी म्हणत होत्या. राहेलबाई अश्केलोनहून ताट घेऊन आल्या, माझ्यापुढे बसल्या आणि त्यांनी माझा पदर जरा मागे केला. गाणं चालूच होतं, पण एकेक आवाज गळायला लागला.

"हे तोंडाला काय झालंय?" त्यांनी विचारलं. मग माझे हात उलटेपालटे केले. "आणि मेंदी एकाच बोटाला का? मुलीच्या अंगावर काही आहे का? आम्हांला आधी सांगायला नको होतं?"

आई म्हणाली, "उष्णता."

"उष्णता." राहेलबाईंनी ताट आपल्या गुडघ्याजवळ ओढलं. फार नाही, चार बोटं असेल. पण खोलीतल्या प्रत्येक बाईने ते पाहिलं. ताट असंच उचलून नेऊन लग्न मोडल्याचं आमच्यात घडलेलं होतं. मी खरं काय सांगणार होते? तुमच्यासारखी गोरी व्हायला गेले होते?

तेवढ्यात दारातून आवाज आला. "इसब म्हणतात त्याला. हातांना होतं, बरं झालं. तोंडाला चुकीचं मलम लागलं, तेही बरं होतंय. दोन्ही चिकटत नाहीत."

दीनाबाई. त्यांना मी साडीत कधी पाहिलं नव्हतं. पांढरी साडी, बारीक काठ, आणि पोलकं आखूड बाह्यांचं. कोपराच्या वर. दोन्ही हात उघडे, सगळ्या बायकांच्या मधोमध दिव्याखाली.

त्या आल्या आणि राहेलबाईंच्या शेजारी मांडी घालून बसल्या. "हेही चिकटत नाही," त्या म्हणाल्या. "मीही चुकीचंच लावलं होतं. गोरं व्हायला. मला माझ्या रंगाची लाज वाटायची. कोड नाही हे. विचारायचं असेल तर आत्ता विचारा, उद्या ड्यूटी आहे."

राहेलबाई त्यांच्या हातांकडे बघत राहिल्या. मग माझ्या तोंडाकडे. त्यांना काय काय कळलं ते मला सांगता येणार नाही, पण त्यांची मान हळूहळू लाल होत गेली. गोऱ्या माणसांचं हे एक वाईट असतं, लपत नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी आपल्या हातातल्या बांगड्या वर सारल्या, कोपर वळवून दीनाबाईंच्या पुढे केलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "हे बघा हो. चार वर्षं झाली. आयझॅकच्या बापालाही ठाऊक नाही."

दीनाबाईंनी वाकून बघितलं. "इसब. तुमच्या दवाखान्यात दाखवा. हिची ट्यूब मागू नका."

आई हसली. मग सगळ्याच. ताट माझ्यापुढे परत आलं.

मेंदी लावायला सवाष्ण लागते. आईने काकूला खूण केली. मी बोट दीनाबाईंपुढे धरलं. आईने तोंड उघडलं आणि मिटलं. दीनाबाईंनी मेंदीची वाटी घेतली आणि तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका माझ्या बोटाच्या टोकावर ठेवला. सवयच ती.

हे इतकं गोड नव्हतं. जेवताना दोघीतिघी त्यांच्यापासून सरकून बसल्या. मी पाहिलं. त्यांनीही पाहिलं. आणि पुढच्या आठवड्यात मी मिर्पाआत गेले तेव्हा बाह्या मनगटापर्यंत, कडक इस्त्रीच्या, आणि त्या भिंतीकडे तोंड करून हात धूत होत्या. एका संध्याकाळीत माणूस किती बदलणार?

आता माझी नात मलम लावताना मी जवळ उभी राहते. ती हिब्रूत म्हणते, आजी, पुरे, मला येतं. मी मराठीत म्हणते, कमी लाव. ती दिसायला माझ्यावर गेलीय, सुंदर आहे. तिला तसं सांगितलं की डोळे फिरवते.

चौसष्ट साली दीनाबाई अरादला गेल्या. वाळवंटात नवीन गाव वसत होतं, तिथे दवाखान्याला सिस्टर हवी होती. मी तेव्हा अश्केलोनला राहायचे, आईकडे आले होते, पोट पुढे आलेलं. बस स्टँडवर धावत पोचले तेव्हा बस सुरू झाली होती. त्या खिडकीशी बसल्या होत्या. मला बघून त्यांनी हात बाहेर काढला. बाही बंद. मग का कोण जाणे, हात परत आत घेतला. बटण काढलं. बाही कोपरापर्यंत सरकवली, आणि तो डागांचा उघडा हात खिडकीतून पार बाहेर काढून हलवला. स्टँडवरचे लोक बघत होते. मीही हात हलवला, दोन्ही.

बस वळताना मला काचेतून दिसलं. त्या मान खाली घालून बटण लावत होत्या.